फ्रँकलिन नदीकाठची छोटी वाट : टास्मानियाच्या वर्षावनात ज्येष्ठांना, लहानांना आणि व्हीलचेअरला घेऊन जाताना

मेलबर्न-सिडनीतल्या मराठी घरांत आई-बाबा दोन-तीन महिन्यांसाठी राहायला आले की टास्मानियाचा बेत ठरतोच. मग अडचण येते ती चालण्याची. तिथल्या नावाजलेल्या बहुतेक वाटांवर पायऱ्या आहेत, चढ आहेत, चिखल आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गाडीतच बसवून बाकीचे जंगल बघून येतात. तसं करायची गरज नाही. टास्मानियाच्या पश्चिम भागात, लायल हायवेला लागूनच, फ्रँकलिन रिव्हर नेचर ट्रेल नावाची छोटी गोलाकार वाट आहे. सपाट, सुमारे एक किलोमीटरची, आणि मदतीला कुणी असेल तर व्हीलचेअरही जाईल अशी. पार्किंगपासून काही पावलांवर थंड समशीतोष्ण वर्षावन सुरू होतं आणि नदी शेजारी असते.

फलकावर वेळ लिहिलेली असते पंचवीस मिनिटं. ती ठणठणीत माणसाने न थांबता चालण्याची वेळ. या वाटेला किमान एक तास द्या, आणि तयारी करताना लक्ष वाटेवर कमी, तिथवर पोचवणाऱ्या रस्त्यावर जास्त ठेवा. अवघड आहे तो रस्ता.

१. जागा नेमकी कुठे आहे

होबार्टहून क्वीन्सटाउनला जाणारा ए१० हा लायल हायवे. होबार्ट, न्यू नॉरफोक, हॅमिल्टन, ऊझ, टारालिया, डर्वेंट ब्रिज आणि पुढे क्वीन्सटाउन असा क्रम. डर्वेंट ब्रिज सोडल्यावर किंग विल्यम सॅडल नावाची खिंड लागते. ती खरी सीमारेषा. खिंडीच्या अलीकडे उघडी गवताळ मैदानं आणि निलगिरीची झाडं, पलीकडे रस्ता खाली उतरत जातो तसं झाडीचं रूपच बदलतं. पश्चिमेकडून येणारे पावसाचे ढग आपलं बरंच पाणी या डोंगरांच्या अंगावरच टाकतात. म्हणून क्वीन्सटाउनला वर्षाला सुमारे २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पूर्वेच्या होबार्टला त्याच्या जेमतेम पाव हिस्सा. घाटमाथा आणि देश यांच्यातला फरक ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच कळेल. एक भेद मात्र मोठा आहे. आपला सह्याद्रीतला पाऊस चार महिन्यांत कोसळून संपतो, इथला बाराही महिने थोडाथोडा येत राहतो. या जंगलाचं सदा ओलं राहणं त्यावरच अवलंबून आहे.

खिंड उतरून हायवे फ्रँकलिन नदीवरच्या पुलाशी येतो. तिथेच पिकनिकची जागा आणि वाटेची सुरुवात. होबार्टपासून अंतर सुमारे २०० किलोमीटर, नुसतं गाडी चालवण्याचे तीन तास. डर्वेंट ब्रिजपासून साधारण अर्धा तास.

२. कधी जावं

डिसेंबर ते मार्च हा सगळ्यात सोयीचा काळ. डिसेंबरात पंधरा तास उजेड असतो, त्यामुळे परतीची घाई होत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत लेदरवुडची पांढरी फुलं असतात. नोव्हेंबर ते जानेवारी मर्टलच्या फांद्यांवर नारिंगी बुरशी दिसते, तिच्याबद्दल पुढे.

एप्रिलपासून दिवस लहान होतात. जून-जुलैत उजेड नऊ तासांचाच, आणि डर्वेंट ब्रिज ७०० मीटरहून उंचावर असल्यामुळे रस्त्यावर बर्फ पडतो. पडलेला बर्फ निदान दिसतो. खरा धोका सावलीतल्या डांबरावर गोठलेल्या पातळ थराचा, तो नुसता ओला रस्ता वाटतो. बर्फात गाडी चालवायची सवय नसेल तर हिवाळ्यात या रस्त्याला लागू नका.

उन्हाळा आहे म्हणून कडक ऊन धरून चालू नका. होबार्टला पंचवीस अंश असताना इथे दहा-बारा अंश आणि रिमझिम असू शकते. पाऊस आहे म्हणून बेत मात्र रद्द करू नका. ढगाळ, ओल्या दिवशीच हे जंगल सगळ्यात सुंदर दिसतं, शेवाळाचा हिरवा रंग तेव्हा उजळतो. थांबायचं ते जोराच्या वाऱ्याला. जुन्या झाडांच्या फांद्या तुटून पडतात. वादळी वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी झाडांखाली जाऊ नका.

३. रस्ता आणि मुक्काम

होबार्टहून एका दिवसात जाऊन परत येणं शक्य आहे, पण ज्येष्ठांसोबत ते करू नका. सहा तास गाडीत बसून एक तास जंगल, असा तो हिशेब होतो. शिवाय परत येताना संध्याकाळ होते, आणि संध्याकाळीच रस्त्यावर वॉलबी, पॅडेमेलन (वॉलबीचाच छोटा भाऊबंद) आणि वॉम्बॅट उतरतात. टास्मानियात रस्त्याच्या कडेला मेलेले प्राणी इतके दिसतात त्याचं कारण हेच. सूर्यास्ताआधी मुक्कामी पोचायचं, हा नियम पाळा. गाडी भाड्याची असेल तर करार नीट वाचा, प्राण्यांना धडकून झालेल्या नुकसानीची अट त्यात वेगळी असू शकते.

सोयीचा बेत असा. सकाळी साडेसात-आठला होबार्ट सोडा. हॅमिल्टन किंवा ऊझला चहा आणि शौचालय. टारालियाजवळ रस्ता दरीत उतरून पुन्हा चढतो, वळणं घट्ट आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांनी उलटीची गोळी त्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी. डर्वेंट ब्रिजहून साडेपाच किलोमीटर आत लेक सेंट क्लेअर आहे. तिथे राष्ट्रीय उद्यानाचं माहिती केंद्र आहे, रस्त्याची आणि हवामानाची ताजी स्थिती तिथे विचारा, शौचालय वापरा, पास नसेल तर घ्या. तिथून निघून दुपारी बाराच्या सुमारास नदीकाठी पोचाल. जेवण, फेरी, विश्रांती धरून दोन तास. मग क्वीन्सटाउन किंवा आणखी चाळीस किलोमीटरवरच्या स्ट्राहनला मुक्काम.

तीन गोष्टी इथे लोकांना हमखास अडवतात.

पेट्रोल. होबार्टहून निघतानाच टाकी भरा. डर्वेंट ब्रिज ते क्वीन्सटाउन या पंच्याऐंशीएक किलोमीटरच्या पट्ट्यात वाटेत भरता येईल असं समजून निघू नका.

मोबाइल. याच पट्ट्यात बहुतेक ठिकाणी नेटवर्क नाही. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. कुठे चाललोय आणि किती वाजेपर्यंत पोचू हे घरी कुणाला तरी कळवून निघा. डर्वेंट ब्रिजला ‘निघालो’ आणि क्वीन्सटाउनला ‘पोचलो’ असे दोन मेसेज ठरवून ठेवले की घरच्यांना उगाच काळजी लागत नाही.

मागून येणारी वाहनं. लाकडाचे ट्रक आणि स्थानिक गाड्या वेगाने येतात. दडपण घेऊन वेग वाढवू नका. रुंद जागा दिसली की डावीकडे घेऊन त्यांना जाऊ द्या.

स्वतःची गाडी आणि त्यातली व्हीलचेअर, रॅम्प वगैरे न्यायचं असेल तर ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून स्पिरिट ऑफ टास्मानिया ही गाड्या नेणारी फेरीबोट आहे. ती आता मेलबर्नहून नव्हे, जिलाँगहून सुटते आणि डेव्हनपोर्टला लागते. जुने लेख वाचून पोर्ट मेलबर्नला जाऊन उभे राहू नका.

४. पास आणि कागदपत्रं

ही वाट फ्रँकलिन-गॉर्डन वाइल्ड रिव्हर्स राष्ट्रीय उद्यानात आहे. टास्मानियाच्या सगळ्या राष्ट्रीय उद्यानांना पार्क्स पास लागतो. पार्किंगमध्ये तिकीटखिडकी नाही, त्यामुळे ‘तिथे जाऊन घेऊ’ असं चालत नाही. ऑनलाइन काढा किंवा वाटेतल्या माहिती केंद्रात. दिवसाचा पास २४ तासांचा. हॉलिडे पास दोन महिने चालतो आणि एका गाडीतल्या आठ जणांपर्यंत पुरतो. तीन-चार उद्यानं बघणार असाल तर हॉलिडे पासच परवडतो. दर बदलत असतात, काढताना बघून घ्या. पास छापून गाडीच्या काचेमागे दिसेल असा ठेवा. फोनमधला पास नेटवर्क नसताना उघडत नाही, निदान स्क्रीनशॉट काढून ठेवा.

सोबत ठेवायचे कागद:

- पार्क्स पासची छापील प्रत
- चालकाचं लायसन्स. भारतातलं लायसन्स इंग्रजीत असेल तर पाहुण्यांना त्यावर गाडी चालवता येते, पण भाड्याने गाडी देणारे आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही मागू शकतात. तो भारतात असतानाच आरटीओकडून काढावा लागतो
- गाडीचा करार आणि विम्याचे कागद
- आई-बाबांच्या प्रवास विम्याची प्रत. परदेशी पाहुण्यांना ॲम्ब्युलन्सचं बिल येऊ शकतं, विम्यात ते धरलंय का हे निघण्याआधीच तपासा
- रोजच्या औषधांची यादी, औषधाच्या मूळ नावासह. भारतातली ब्रँडनावं इथल्या डॉक्टरांना ओळखीची नसतात
- अपंगांसाठीचा पार्किंग परवाना असेल तर तो. कोणत्याही ऑस्ट्रेलियन राज्याचा टास्मानियात चालतो

५. टास्मानियात शिरताना

हा टप्पा अनेकांच्या लक्षातच येत नाही. मेलबर्न ते होबार्ट हा देशांतर्गत प्रवास असला तरी टास्मानियाचे जैवसुरक्षेचे नियम वेगळे आणि कडक आहेत. ताजी फळं, भाज्या, रोपं, बिया घेऊन उतरता येत नाही. विमानतळावर हुंगणारे कुत्रे असतात. डब्यातली काकडी, लिंबू, हिरव्या मिरच्या, पर्समध्ये विसरलेलं सफरचंद, देवाच्या प्रसादातलं केळं, सगळं तिथल्या पेटीत टाकावं लागतं. कोरडा खाऊ आणा, भाजी-फळं होबार्टच्या दुकानातून घ्या.

बुटांना माती लागलेली नको. घरूनच ब्रशने घासून, धुऊन, वाळवून आणा. व्हीलचेअरची चाकं आणि काठीचं रबरी टोकही विसरू नका, माती तिथेच जास्त बसते. कारण साधं आहे. फायटोफ्थोरा नावाचा मूळकूज करणारा सूक्ष्मजीव मातीतून पसरतो आणि इथल्या कितीतरी झुडपांची मुळं मारून टाकतो. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशीही ओल्या बुटांवरून एका ओढ्यातून दुसऱ्यात जाते. एकदा आत शिरली की या गोष्टी बाहेर काढता येत नाहीत.

आई-बाबा थेट भारतातून येत असतील तर त्यांना आधीच सांगा. ऑस्ट्रेलियात उतरताना कार्डावर खाण्याचं सगळं जाहीर करायचं. पेढे, तूप, ताजा कढीपत्ता, तुळशीचं बी यांपैकी काही काढून घेतलं जाईल, पण जाहीर केलं तर दंड होत नाही. लपवलं तर होतो.

६. सोबत काय घ्यायचं

एका किलोमीटरसाठी फार सामान लागत नाही. प्रत्येकाला टोपी असलेलं पावसाळी जॅकेट द्या. छत्री नको, ती फांद्यांत अडकते आणि एक हात गुंतवून ठेवते. आत लोकरीचा किंवा फ्लीसचा एक थर. सुती स्वेटशर्ट ओला झाला की अंग गार पाडतो, वयस्क माणसांना हे लवकर बाधतं. पायात चांगली पकड असलेले बंद बूट, लांब मोजे. साडी नेसणाऱ्या आईंसाठी सलवार किंवा पँट बरी, काठ ओला होऊन पायात येतो.

पिण्याचं पाणी माणशी एक लिटर गाडीत असू द्या. नदीचं पाणी तसंच पिऊ नका. खाण्याला दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी असा कोरडा डबा उत्तम. तो पिकनिकच्या टेबलावरच खा, आणि उठताना एक कणही सोडू नका. ब्लॅक करावाँग हा कावळ्याएवढा काळा, पिवळ्या डोळ्यांचा पक्षी बॅगेची चेन चोचीने उघडतो. हे अतिशयोक्तीने सांगत नाही, या भागातले लोक बॅगा त्याच्या धाकानेच झाकून ठेवतात. प्राण्यांना पोळीचा तुकडा टाकणं म्हणजे त्यांचा जबडा सडवणं, त्यामुळे मुलांना आधीच बजावून ठेवा.

एक छोटं भिंग घ्या. या जंगलात बघण्यासारखं निम्मं नखाएवढ्या आकाराचं असतं, आणि बाकड्यावर बसून बघता येतं. ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय तो राष्ट्रीय उद्यानात उडवता येत नाही. पाळीव कुत्र्यालाही मनाई आहे. चूल पेटवायची नाही. या जंगलातल्या झाडांना निलगिरीसारखं आगीतून उठून उभं राहता येत नाही. २०१६च्या जानेवारीत विजांनी लागलेल्या वणव्यांत टास्मानियाच्या पठारावरचे शेकडो वर्षं जुने पेन्सिल पाइन जळाले, ते पुन्हा आले नाहीत.

७. व्हीलचेअर, वॉकर, बाबागाडी

‘मदतीसह व्हीलचेअरयोग्य’ याचा अर्थ नीट समजून घ्या. वाट सपाट आहे, पण शहरातल्या फुटपाथसारखी गुळगुळीत नाही. ओली जागा, पडलेली पानं, मधून हलका उतार हे असणारच. स्वतः चाकं फिरवणाऱ्याला बहुतेक अंतर जमेल, काही ठिकाणी मागून हात लागेल. म्हणून व्हीलचेअरमागे किमान एक धडधाकट माणूस हवा, दोन असतील तर उत्तम.

विमानतळावर मिळते तशी, पुढे अगदी छोटी टणक चाकं असलेली खुर्ची इथे त्रास देते. ती चाकं पानांत, खडीत रुततात आणि खुर्ची अचानक थांबते, बसलेला माणूस पुढे झुकतो. भाड्याने घेणार असाल तर मागची चाकं मोठी आणि पुढची रुंद, हवेची असलेली मागा. कमरेचा पट्टा लावा. अडथळा आला तर ढकलत बसू नका. मागच्या दांडीवर पाय देऊन खुर्ची थोडी मागे कलवा, पुढची चाकं उचला आणि मग पार करा. उतारावर खुर्ची उलटी फिरवून, बसलेल्याची पाठ उताराकडे ठेवून, हळूहळू उतरवा. ओल्या लाकडावर ब्रेक दाबूनही खुर्ची घसरू शकते, त्यामुळे थांबल्यावर कुणीतरी दांडी धरून राहायचं. हातमोजे असू द्या, ओल्या चाकाने तळवे सोलतात.

वॉकर असलेल्यांनी चार चाकांचा, बसायची पाटी असलेला घ्यावा. थकल्यावर कुठेही बसता येतं. काठी असेल तर टोकाचं रबर नवीन बसवा. बाबागाडी मोठ्या चाकांची चालते, घडीची छोटी चालत नाही, त्यापेक्षा बाळाला अंगाशी बांधा.

सुरुवात करण्याआधी एका माणसाने एकट्याने पूर्ण फेरी मारून यावी. पडलेलं झाड, साचलेलं पाणी, खचलेला कोपरा आधी कळला की खुर्ची अर्ध्यातून मागे वळवावी लागत नाही. आदल्या दिवशी पार्क्स अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या संकेतस्थळावर वाट बंद असल्याची सूचना आहे का तेही बघा.

८. फेरी : काय बघायचं

इथे घाई करू नका. आल्या आल्या एक मिनिट नुसतं उभं राहा. बाहेर हायवेवर असलेला उजेड आत शिरताच एकदम कमी होतो, डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. ज्येष्ठांनी काळे चष्मे आधीच काढावेत. ठेचा बहुतेक पहिल्या काही पावलांतच लागतात.

वर बघा. छत धरून असलेली बहुतेक झाडं मर्टल बीचची. पान अगदी लहान, दोन सेंटिमीटरही नाही, कडेला बारीक दाते. वसंतात नवी पालवी तांबूस येते, आपल्याकडच्या चैत्रातल्या कुसुमाची आठवण होईल. मर्टलचं कूळ दक्षिण अमेरिकेच्या टोकाला आणि न्यूझीलंडमध्येही आहे. हे सगळे भूभाग एकेकाळी गोंडवाना या एकाच खंडात जोडलेले होते. भारतही त्याचाच तुकडा, पण तो फार आधी सुटून उत्तरेला निघाला, आणि या कुळाची झाडं आपल्याकडे नाहीत. आई-बाबांना हे जंगल अनोळखी वाटेल ते यामुळे.

मर्टलच्या खोडाला, वर आलेल्या मुळांना ओरखडा काढू नका, नावं कोरणं तर दूरच. मर्टल विल्ट नावाचा बुरशीजन्य रोग जखमेतून आत शिरतो आणि पूर्ण वाढलेलं झाड मारतो. व्हीलचेअरचा पाय ठेवायचा पत्रा वळणावर मुळाला घासतो, तेवढं जपा.

नोव्हेंबर ते जानेवारीत आलात तर मर्टलच्या फांद्यांवर दोन-तीन सेंटिमीटरचे गोल नारिंगी गोळे दिसतील. ती सायटेरिया गुन्नाय ही बुरशी, फक्त याच झाडावर वाढते. इथले आदिवासी ती खात असत. तुम्ही खाऊ नका, तोडूही नका. खाली पडलेला गोळा भिंगातून बघा, अंगावर खळगे दिसतील.

सरळ, शंकूसारखं निमुळतं होत गेलेलं झाड दिसलं तर तो सॅसाफ्रास. पानं समोरासमोर, मागची बाजू फिकट. जमिनीवरचं पडलेलं पान चुरडून हुंगा, जायफळाच्या जवळ जाणारा मसालेदार वास येतो. ज्यांची नजर कमी झाली आहे त्यांना हे जंगल दाखवायचा हा सगळ्यात चांगला मार्ग. झाडावरचं पान मात्र तोडायचं नाही.

लेदरवुडला चार पाकळ्यांची पांढरी फुलं. त्याचा मध टास्मानियाची खासियत, उग्र वासाचा. बाटली घ्यायची तर क्वीन्सटाउन किंवा स्ट्राहनच्या दुकानात मिळेल. सेलरी-टॉप पाइनच्या ‘पानां’कडे नीट बघा, ती पानं नव्हेतच, चपट्या झालेल्या बारीक फांद्या आहेत. आणि आडवी-तिडवी गुंतलेली बारीक खोडं दिसली तर ते हॉरिझाँटल. याचं खोड वाढता वाढता स्वतःच्या वजनाने आडवं पडतं, त्यावरून नवे फुटवे सरळ वर जातात, तेही पुन्हा आडवे होतात. जुन्या काळी या रानातून वाट काढणारे सर्वेक्षक जमिनीला पाय न टेकता याच जाळीवरून चालत.

आता खाली आणि जवळ बघा. वृक्षनेचे, म्हणजे खोड असलेले नेचे, ते सॉफ्ट ट्री फर्न. त्यांच्या तंतुमय खोडावर दुसरे नेचे, शेवाळ आणि लायकेन राहतात. गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही एक लायकेनच, आईला सांगितलं तर ती इथे सगळ्यात जास्त वेळ थांबेल. पारदर्शक वाटणाऱ्या इवल्या फिल्मी फर्नचं पान एकाच पेशीच्या जाडीचं असतं, हवा कोरडी झाली की ते मुडपून जातं. शेवाळावर पाय ठेवू नका. एका पावलाने उखडलेला थर भरून यायला वर्षं लागतात, आणि फोटोसाठी वाटेबाहेर गेलेलं एक पाऊल बघून मागचे दहा जण तिथेच जातात.

मग नदी. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं दिसेल आणि कुणीतरी ‘गढूळ आहे’ म्हणेलच. ते घाण पाणी नव्हे. वरच्या मैदानातल्या बटनग्रास नावाच्या गवतातून आणि कुजणाऱ्या पाल्यातून उतरलेलं टॅनिन आहे ते. कडेला साचलेला फेसही साबणाचा नाही, त्याच सेंद्रिय द्रव्यांचा. या फेरीत फ्रँकलिन आणि सर्प्राइज या दोन्ही नद्या दिसतात. पाण्यात उतरू नका. वर डोंगरात पाऊस झाला की पातळी भराभर वाढते, दगड निसरडे आहेत आणि पाणी उन्हाळ्यातही बर्फगार असतं. प्लॅटिपस दिसायची शक्यता पहाटे आणि संध्याकाळी जास्त, दुपारी त्याच्यासाठी ताटकळू नका.

ही नदी मोकळी वाहते आहे यामागे मोठा संघर्ष आहे. खाली, फ्रँकलिन जिथे गॉर्डनला मिळते त्याच्या पुढे, टास्मानियाच्या वीज मंडळाला धरण बांधायचं होतं. १४ डिसेंबर १९८२ला आंदोलकांनी नाकेबंदी सुरू केली, डॉक्टर बॉब ब्राउन त्यांचे नेते. हजाराहून जास्त लोकांना अटक झाली. त्याच वर्षी हा प्रदेश जागतिक वारसा यादीत गेला. १ जुलै १९८३ला ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, चार विरुद्ध तीन मतांनी केंद्र सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि धरण थांबलं. तुम्ही उभे असाल तो वरचा भाग त्या धरणात बुडाला नसता, पण खालच्या घळी आणि वीस हजार वर्षांपूर्वी माणसं राहिलेली कुटिकिना गुहा पाण्याखाली गेली असती. धरणग्रस्त गावांतून आलेल्या मराठी माणसाला या जागी उभं राहून बरंच काही आठवेल. वाटेवरच्या फलकांजवळ थांबून ही गोष्ट मुलांना सांगा.

फोटोबद्दल थोडं. कडक उन्हात पानांमधून पडणारे कवडसे फोटोत पांढरे ठिपके होतात. ढगाळ हवा बरी. आत उजेड कमी असल्यामुळे फोन हलला की चित्र पुसट येतं, कठड्याला किंवा वॉकरला हात टेकवून काढा.

९. काय बिघडू शकतं

जळवा असतात, विशेषतः पाऊस पडल्यावर. कोकणात पावसाळ्यात हिंडलेल्यांना त्यांचं नवल नाही. पँट मोज्यात खोचा. चिकटलीच तर नखाने किंवा कार्डाच्या कडेने तोंडाकडून सरकवून काढा. रक्त बराच वेळ वाहतं, कारण जळू रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना ते आणखी वेळ थांबत नाही. दाबून पट्टी बांधा आणि घाबरू नका.

टास्मानियात सापांच्या तीनच जाती, तिन्ही विषारी. उन्हाळ्यात पार्किंगच्या उघड्या, उबदार कडेला ते सापडण्याची शक्यता घनदाट सावलीपेक्षा जास्त. दिसला तर थांबा, त्याला जाऊ द्या. चावलाच तर चोखणं, कापणं, धुणं यातलं काही करू नका. चावल्या जागेपासून सुरू करून पूर्ण हातापायावर रुंद बँडेज घट्ट गुंडाळा, अवयव हलू देऊ नका, माणसाला चालवू नका. दोन रुंद इलॅस्टिक बँडेज गाडीत ठेवाच. मदतीचा क्रमांक ०००, मोबाइलवरून ११२ही चालतो आणि तो दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क मिळालं तर त्यावरून लागतो. अजिबात नेटवर्क नसेल तर हायवेवर गाडी थांबवून पुढच्या गावात निरोप द्यायला सांगा.

याहून कितीतरी जास्त वेळा होतं ते घसरणं आणि थंडी वाजणं. थरमॉसमध्ये गरम चहा ठेवा, कोरड्या मोज्यांचा एक जादा जोड गाडीत असू द्या.

१०. रस्ता बंद असेल, किंवा पुढे जायचं असेल तर

बर्फामुळे लायल हायवे बंद असेल आणि तुम्ही होबार्टला असाल तर माउंट फील्ड राष्ट्रीय उद्यानातल्या रसेल फॉल्सला जा. होबार्टहून सव्वा ते दीड तास, धबधब्यापर्यंत व्हीलचेअर जाईल अशी पक्की वाट. तिथे स्वॅम्प गम या प्रचंड उंच निलगिरी जास्त आहेत, वृक्षनेचे भरपूर. उत्तरेकडे क्रेडल माउंटनला असाल तर पेन्सिल पाइन फॉल्सची छोटी लाकडी वाट आहे.

फ्रँकलिनहून क्वीन्सटाउनकडे जाताना गटातल्या धडधाकट लोकांना आणखी चालायचं असेल तर डोनागीज हिल लुकआउटला जाऊन येता येतं. साधारण चाळीस मिनिटं, चढाची वाट, वरून फ्रेंचमन्स कॅपचा १,४४६ मीटर उंच पांढरा क्वार्टझाइटचा सुळका दिसतो. बाकीच्यांनी तोवर गाडीत बसावं, पण किल्ली आणि जॅकेटं त्यांच्याकडे राहू द्या. पुढे नेल्सन फॉल्सची वीस मिनिटांची वाट आहे, हायवेला लागूनच.

ह्युऑन पाइन बघायची इच्छा असेल तर स्ट्राहनहून गॉर्डन नदीची बोट घ्या. नद्यांच्या काठी, अत्यंत सावकाश वाढणारं हे झाड दोन हजार वर्षांहून जास्त जगतं.

आणि क्वीन्सटाउनला पोचलात की खोलीत शिरण्याआधी बूट, काठ्यांची टोकं आणि व्हीलचेअरची चाकं पुन्हा घासून धुवा, रात्रभर वाळू द्या. उद्याची वाट दुसऱ्या नदीकाठी असेल.